मॅजिस्टेरियम : धुळीचा अर्थ लावायचा कोणी?

पेट-नेटच्या तयारीत कादंबरी वाचायला वेळ कुठे, असं तुम्ही म्हणाल. तरी फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरिअल्स' ही तीन भागांची मालिका (१९९५ ते २०००) संशोधनात येणाऱ्याने वाचावी, असं मला वाटतं. का ते सांगतो.

लायराच्या जगात ऑक्सफर्ड आहे, पण इतिहास वेगळा. तिथे कॅल्विन पोप झाला आणि त्याने धर्मपीठ जिनिव्हाला नेलं. त्याच्यानंतर पोपचं पदच गेलं. उरली एकमेकांवर कुरघोडी करणारी न्यायालयं, मंडळं आणि परिषदा. या सगळ्यांना मिळून म्हणायचं मॅजिस्टेरियम. भौतिकशास्त्राला तिथे 'प्रायोगिक ईश्वरशास्त्र' म्हणतात. नावातच मालक कोण ते कळतं!

रुसाकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाला 'धूळ' हा नवा मूलकण सापडतो. धर्मपीठ आधी त्याचीच चौकशी करतं. कण खरोखर आहे हे नाकारता येईना, तेव्हा ते मान्य करतं आणि लगेच जाहीर करतं की हा आदिपापाचा भौतिक पुरावा आहे. बघा, इथे निरीक्षण दडपलेलं नाही, अर्थ लावायचा हक्क काढून घेतलाय. माझ्या मते पुलमनचं खरं यश हेच.

पुढे बोल्वांगरच्या केंद्रात मुलांना त्यांच्या डीमनपासून, म्हणजे प्राणीरूपातल्या आत्म्यापासून, तोडलं जातं. हे काम करणारे पाद्री नाहीत. डॉक्टर, नर्स, गोड बोलणारी माणसं आहेत. संमती हा शब्द कोणाच्या तोंडी नाही.

आता न पटलेलं. तिसऱ्या भागात धर्मगुरू अगदीच सपाट होतात. खुनाचं प्रायश्चित्त आधीच उरकून लायराच्या मागावर निघालेला फादर गोमेझ लक्षात राहतो, पण मनात शंका असलेला एकही ठसठशीत पाद्री भेटत नाही. आपल्या जगात मेंडेल मठवासी होता. विश्वाच्या प्रसरणावर १९२७ मध्ये लिहिणारा लमेत्र पाद्री होता. १९५१ मध्ये पोपने विश्वाच्या उगमाचं विज्ञान सृष्टिनिर्मितीच्या श्रद्धेशी जोडलं, तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, असं लमेत्रचंच म्हणणं होतं. असा एक माणूस मॅजिस्टेरियममध्ये असता तर संघर्ष जास्त खरा वाटला असता.

दुसऱ्या भागातली मेरी मॅलोन मात्र चुकवू नका. ती आपल्याच जगातली, कृष्णद्रव्यावर काम करणारी. इथे मॅजिस्टेरियम नाही, पण प्रकल्पाचा निधी संपत आलाय. एक बडा माणूस येतो आणि पैसे मिळवून देतो म्हणतो, फक्त संशोधनाची दिशा त्याची. सहकारी तयार होतो, मेरी होत नाही.

मी स्वतः पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात अपेक्षित रेषेवर न बसणारं एक रीडिंग 'आउटलायर' म्हणून काढून टाकलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. कारण तपासलं नाही, कुठे नोंदही केली नाही. म्हणजे पाद्री बाहेरच असावा लागतो, असं काही नाही.

तेव्हा वहीत दोन रकाने करा : काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय. दुसरा रकाना भरताना एकदा स्वतःला विचारा, हा अर्थ माझा की कोणाला तरी हवा असलेला?