मुरलेले आणि शिळे : नाताळच्या न्याहारीच्या पाककृतींचा विचार

नाताळ जवळ आला की नियतकालिकांतून पाककृतींची सदरे बहरू लागतात. त्यांत एका प्रकाराला विशेष मागणी असते. आदल्या दिवशी करून ठेवता येईल अशी, सोपी, नाताळच्या सकाळची न्याहारी! पाककृती हेही एक लेखनच आहे. तेव्हा कथा-कवितेप्रमाणे तिचीही परीक्षा व्हावयास हवी. तशी ती केली असता ‘सोपी’ या एका विशेषणाखाली बरेच काही झाकले गेल्याचे आढळते.

प्रथम भाषा पाहू. मराठी पाककृती विध्यर्थात लिहिली जाते. कांदा चिरून घ्यावा, मसाला वाटावा, मिश्रण रात्रभर झाकून ठेवावे. या वाक्यांत कर्ता कोठेच नसतो. चिरणारे हात कोणाचे आणि मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर चुलीशी कोणी उभे राहावयाचे, याविषयी वाक्य मौन पाळते. व्याकरणातील ही रिकामी जागा घरात बहुधा आईच भरून काढते. करून ठेवलेल्या पदार्थाने तिचे श्रम नाहीसे होत नाहीत. ते चोवीस तारखेकडे सरकतात, आणि घराची झाडलोट, गोठ्याची सजावट, मुलांचे कपडे ही कामेही त्याच दिवशी तिची वाट पाहत असतात.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म आहे. करून ठेवलेल्या अन्नासाठी आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : शिळे आणि मुरलेले. काळ गेल्याने ज्याची चव उतरते ते शिळे, ज्याची चव चढते ते मुरलेले. सदरांतील पाककृती हा भेद करीतच नाहीत. रात्री भरून ठेवलेले सँडविच सकाळी ओलसर होते. तळून ठेवलेले फुगे दुसऱ्या दिवशी चिवट लागतात. तरी या साऱ्यांची गणना ‘आधी करून ठेवण्यासारखे’ या एकाच यादीत होते.

आपल्या जुन्या स्वयंपाकघराला हा भेद पुरता ठाऊक होता. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन आणि गोव्याच्या कॅथलिक घरांतील सरपतेल हे त्याचे उत्तम उदाहरण. डुकराचे मांस व काळीज उकडून, बारीक तुकडे करून, परतून, व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात शिजवावयाचे. मग दोन-तीन दिवस रोज एकदा चांगली उकळी आणावयाची. आंबट आणि तिखट हळूहळू मांसात उतरतात, आणि नाताळच्या दिवशी ते पहिल्या दिवसापेक्षा सरस लागते. इंदेलचेही तेच.

या रीतीला चर्चच्या शिस्तीचीही जोड होती. १९१७ च्या धर्मविधानानुसार नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा आणि मांसवर्जनाचा दिवस होता. म्हणजे मांसाचा वास घरभर दरवळत असला तरी, जेथे हा नियम पाळला जाई तेथे, मीठ पाहण्यापुरतेही ते जिभेवर ठेवता येत नसे. शिवाय कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून काही खाऊ-पिऊ नये, असाही दंडक होता. सकाळच्या मिस्सेला जाणारे कुटुंब उपाशीपोटी परतत असे, तेव्हा अन्न तयारच असावे लागे. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एक तासाचा केला. पूर्वसंध्येचा उपवासही १९६६ च्या सुधारणेत गेला. न्याहारीची घाई कमी झाली खरी, पण वाट पाहून खाण्यातील गोडीही काहीशी ओसरली.

याच मुरण्याचा एक दूरचा आप्त दक्षिण अमेरिकेतील गयानात आहे. तेथे १८३५ पासून मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले डुकराचे मांस आणले. बरणीत ते कित्येक दिवस मुरते आणि नाताळच्या सकाळी तळून पावासोबत न्याहारीला खाल्ले जाते. पोर्तुगीज भाषेतील ज्या मद्य-लसणीच्या पदार्थावरून गोव्याच्या विंदालूचे नाव आले, त्याच पदार्थाचे हे रूप होय. एक वाट मांडवीकाठी आली, दुसरी अटलांटिकपार गेली. दोन्हीकडे नाताळ आणि बरणी यांची सांगड मात्र टिकली.

मग नव्या पदार्थांना दारच बंद करावे काय? मुळीच नाही. आठ पावाच्या कापांवर पाच अंडी आणि अर्धा लिटर दूध फेटून ओतावे, वर किसलेले चीज घालून भांडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे आणि सकाळी ओव्हनमध्ये भाजावे, अशी एक पाश्चात्त्य पाककृती या सदरांत वारंवार येते. ती मुरण्याच्या कसोटीस उतरते. किंबहुना तिला आदल्या दिवसाचा पावच अधिक मानवतो. पण लेखिकेने हेही सांगावे की ते भांडे फ्रीजबाहेर राहता कामा नये, आणि भाजण्यास पाऊण तास लागतो. सान्ना आदल्या दिवशी उकडून सकाळी पुन्हा वाफवता येतात. फुग्यांचे पीठ रात्री भिजवता येते, तळणे मात्र सकाळीच.

संपादकांनी अशा पाककृतीला तीन प्रश्न विचारावेत. पदार्थ मुरतो की शिळा होतो? चोवीस तारखेचे किती तास तो मागतो? आणि त्यांतील कोणते काम घरातील पुरुषाने वा मुलांनी करावे, हे ती स्पष्ट सांगते काय? बेथानीच्या घरात मार्था एकटीच राबत होती, यावर आपण प्रवचने ऐकत आलो आहोत. तिच्या हातातील निम्मे काम कोणी उचलावयाचे, हे पाककृतीत लिहिण्यास केवळ एक ओळ पुरते. ती ओळ छापली गेली, तर नाताळच्या सकाळी घरातील आईही सर्वांबरोबर मिस्सेला बसेल आणि सर्वांबरोबरच न्याहारीलाही.