‘जेव्हा माणूस जागा होतो’ : जमीन आणि आप्तसंबंध

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ बहुधा वारली लढ्याचा वृत्तान्त म्हणूनच वाचला जातो. १९४५ मधील झरीच्या सभेनंतर हा लढा उंबरगाव, डहाणू व पालघर (पूर्वीचा माहीम) तालुक्यांत पसरला. ग्रंथाचे मर्म मात्र ‘लग्नगडी’ प्रथेच्या चित्रणात आहे. लग्नाच्या कर्जापायी पती-पत्नी दोघेही जमीनमालकाचे बांधील होत. जमिनीबरोबर संसारही परस्वाधीन होई. म्हणून वेठमुक्ती ही आप्तसंबंधांचीही मुक्ती ठरते. निवेदन बाहेरून आलेल्या कार्यकर्तीचे असल्याने वारल्यांचा आवाज तिच्यामार्फतच ऐकू येतो, ही ग्रंथाची मर्यादा होय. २००६ च्या वनहक्क कायद्याने पती-पत्नींचा संयुक्त हक्क व सामूहिक हक्क मान्य केले. ते टिकविण्यास लागणाऱ्या एकजुटीचे मोल हा ग्रंथ आजही पटवून देतो.