चाळीस वर्षे थांबलेला ग्रंथ

सिंगापूरच्या ईशान्येला पुलाउ उबीन नावाचे एक लहान बेट आहे. ग्रॅनाइटच्या खाणींवर ते पूर्वी पोट भरत असे. छुआ ई किआम या दातांच्या डॉक्टरांनी २००० साली या बेटावर इंग्रजीत एक सचित्र पुस्तक काढले. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा किनारा आहे. तेथे भराव घालण्याचा सरकारचा बेत होता. लोकांनी तेथले जीवजंतू नोंदवले, सरकारला विनंत्या केल्या, आणि डिसेंबर २००१ मध्ये बेत पुढे ढकलला गेला. लगेच २००२ मध्ये छुआ यांचे चेक जावावरचे पुस्तक आले. पुस्तकाने किनारा वाचवला असे आम्ही म्हणणार नाही. पण ओहोटीच्या वेळी ज्यांनी तो पायांखाली घातला, त्यांच्याच हातात ते पडले, हे महत्त्वाचे.

आपल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या नशिबी हे नव्हते. त्यांचा बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला आणि इमॅन्युएल ओल्सवँगर यांच्या संपादनाने तेल अवीवला छापला गेला १९३७ मध्ये. केहिमकरांना जाऊन तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. मुंबईत इस्राएली शाळा उभारणाऱ्या या गृहस्थाने आपला मोठा ग्रंथ छापलेला पाहिलाच नाही.

ग्रंथ म्हणून तो कसा आहे? आपले पूर्वज इ.स.पूर्व १७५ च्या सुमारास, ॲन्टायोकसच्या छळाला कंटाळून निघाले, हे त्यांचे मत आम्हाला पटत नाही. पुरावा थोडा आणि अनुमान फार. मात्र सणांकडे वळताच लेखणीला बळ येते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण: ही नावे आमच्या आजीच्या तोंडची, कोणत्याही हिब्रू पंचांगात न सापडणारी. येथे केहिमकर सिद्ध काही करीत नाहीत, पाहिलेले सांगतात. आमच्या मते ग्रंथाची खरी किंमत या पानांत आहे.

आणि उशिराने नुकसान झाले तेही याच पानांचे. १८९७ मध्ये ग्रंथ निघता, तर शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनवार तेली अजून हयात होते. "आमच्या गावी असे नव्हते हो," असे म्हणणारा कोणी भेटला असता, दुसरी आवृत्ती सुधारली असती. (ग्रंथ इंग्रजीत, त्यामुळे वाचून दाखवायला घरातले शिकलेले पोर लागले असते, ती गोष्ट वेगळी.) १९३७ पर्यंत यातले बहुतेक साक्षीदार राहिले नव्हते. त्यामुळे एका माणसाने लिहिले तेच साऱ्या गावांचे झाले.

ज्यांच्या घरी प्रत असेल त्यांनी सणांची पाने आधी काढावीत. आपल्याकडे पुरणात, उपासात, मलिद्याच्या ताटात काही वेगळे असे, तर समासात पेन्सिलीने लिहावे, आणि खाली गावाचे नाव घालावे.