भुकेपासून दुष्टतेपर्यंत : ‘डिस्प्लेसर बीस्ट’ या शिकारी श्वापदाची घडण

प्रस्तावना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांनी एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यावयाची, एकाने निवेदक आणि पंच अशी दोन्ही कामे सांभाळावयाची, आणि जे घडावयाचे ते बोलण्यातून व फाशांच्या दानातून घडू द्यावयाचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. अशा खेळाला अक्राळविक्राळ प्राण्यांचे कोश लागतात. कोशातील अर्ध्या पानाच्या नोंदीला साहित्यकृती मानावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु नोंदीतही पात्रचित्रण असते, त्या पात्राला हेतू दिलेला असतो, आणि हेतू योग्य दिला की नाही हे पाहणे समीक्षेच्या कक्षेत येते. प्रस्तुत लेखात अशा एकाच नोंदीचा विचार करावयाचा आहे.

मूळ कथा

काळ्या पँथरसारखे शरीर, सहा पाय, आणि खांद्यांतून निघालेल्या दोन लांब स्पर्शभुजा, असे डिस्प्लेसर बीस्टचे रूप आहे. खेळात ते प्रथम आले १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. तिचे लेखन गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांचे. वाचकाला मात्र हे रूप त्याआधीच भेटलेले होते. जुलै १९३९ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात ए. ई. व्हॅन व्होग्ट यांची ‘ब्लॅक डिस्ट्रॉयर’ ही विज्ञानकथा छापली गेली. तिच्यातील कुअर्ल हा प्राणी असाच काळा, मांजरवर्गीय व खांद्यांवर स्पर्शभुजा असलेला आहे. त्याचे पाय तेवढे चार.

व्हॅन व्होग्ट कथेचा आरंभ माणसांपासून करीत नाहीत, श्वापदापासून करतात. उद्ध्वस्त नगराचे अवशेष असलेल्या मृतप्राय ग्रहावर कुअर्ल भुकेला हिंडत आहे, भक्ष्य जवळजवळ संपलेले आहे, आणि अशा वेळी आकाशातून माणसांचे यान उतरते. त्याची भूक आपल्याला आधी कळते आणि क्रौर्य नंतर. तो विचार करतो, धीर धरतो, सौम्यपणाचे सोंग घेतो. यानावरील पुरातत्त्वज्ञ कोरिता त्याच्याकडे एका लयास गेलेल्या संस्कृतीचा अवशेष म्हणून पाहतो. कुअर्ल भयंकर आहे. पण त्याच्या भयंकरपणाला कारण आहे, आणि कथेचे सारे बळ त्या कारणात आहे.

स्थानभ्रमाची कल्पना

खेळाने कुअर्लचे शरीर घेतले, मन घेतले नाही. त्या बदल्यात एक गोष्ट मात्र नवी दिली. हे श्वापद जेथे दिसते तेथे ते नसते. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ते खऱ्या जागेपासून तीन फूट अंतरावर दिसते आणि त्यामुळे त्याच्यावरील प्रत्येक वारातून दोन वजा होतात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वार करणाऱ्याने वीस बाजूंचे फासे दोनदा टाकून कमी आलेले दान धरावयाचे असते. वार एकदा लागला की, श्वापदाची पुढील खेळी संपेपर्यंत हा भ्रम मोडलेला राहतो.

माझ्या मते ही कल्पना जितकी वाखाणली जावयास हवी तितकी वाखाणली गेलेली नाही. हा खेळ मुखाने सांगितला जातो. कोणतीही वस्तू कोठे आहे हे निवेदक सांगतो म्हणूनच ती तेथे असते. खेळाडूंचे सारे जग निवेदकाच्या शब्दावर उभे असते, आणि हे एक श्वापद नेमका तो शब्दच संशयास्पद करते. “ते खांबाजवळ उभे आहे,” असे निवेदक म्हणतो आणि टेबलाभोवतीचा प्रत्येक जण चपापतो. चित्रात वा पडद्यावर हा परिणाम साधणे कठीण, कारण तेथे भ्रमही दाखवावा लागतो.

(जाता जाता एक नोंदवावेसे वाटते. या खेळाचे नियम इतरांना वापरता यावेत म्हणून प्रकाशकांनी जे मुक्त नियमसंकलन काढले, त्यातून डिस्प्लेसर बीस्ट स्वतःची खास मालमत्ता म्हणून वगळण्यात आले. ज्याचे शरीर दुसऱ्याच्या कथेतले, त्यावर असे कुंपण घातले जावे हे गमतीचे आहे.)

दुष्टतेचा शिक्का

खरा आक्षेप येथून पुढे आहे. कोशात प्रत्येक जीवाचा नैतिक कल नोंदविण्याची प्रथा आहे. १९७७ मध्ये या श्वापदापुढे ‘तटस्थ’ असा शब्द होता. २००३ च्या सुधारित कोशात तो ‘बहुधा नियमबद्ध दुष्ट’ असा झाला, आणि २०१४ मध्ये ‘बहुधा’ हा शब्दही गेला. याच २०१४ च्या नोंदीत श्वापदाला पूर्वेतिहास मिळाला. परीलोकातील एका क्रूर दरबाराने त्यांना पकडले, शिकारीसाठी शिकविले, हिंस्रपणा वाढावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केली आणि युनिकॉर्नसारख्या अद्‌भुत प्राण्यांवर सोडले. पुढे ती निसटली. आता ती अन्नासाठी मारतात तशी मौजेखातरही मारतात.

पाळीव शिकारी श्वापदाची ही कल्पना आकर्षक आहे, पण विचाराअंती कच्ची वाटते. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. बंदिवासात चित्त्याची पैदास जवळजवळ होत नसे, म्हणून तो रानातून धरून आणावा लागे. चित्तेवान त्याला माणसांत वावरण्याची सवय लावी, डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून कळपाजवळ नेई, आणि शिकार साधल्यावर त्याचा वाटा पुढे करून भक्ष्य सोडवून घेई. या साऱ्या विद्येत हिंस्रपणा वाढविण्याचे काम कोठेच नव्हते. तो तर रानातूनच येई. चित्तेवानाचे कसब चित्त्याची भूक ओळखण्यात, ती लांबविण्यात आणि वेळेवर भागविण्यात होते. मालकाच्या हातातील खरा दोर भुकेचा असतो.

परीदरबाराच्या हकिकतीत हा दोरच नाही. ज्या गोष्टीने श्वापद मालकाशी बांधले गेले असते आणि ज्या गोष्टीपायी ते निसटले असते, तिचा उल्लेख न करता नोंदकर्ते त्याच्या पळून जाण्याचे श्रेय त्याच्या दुष्ट बुद्धीला देतात. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या करमणुकीसाठी वापरल्या गेलेल्या जीवाने पलायन केले, तर त्या कृत्याला दुष्टता म्हणावे काय? नोंद हा प्रश्न विचारीत नाही, कारण नैतिक कलाचा रकाना आधीच भरलेला आहे. कुअर्लच्या बाबतीत वाचकाला भय आणि काहीशी करुणा अशी दोन्ही वाटत होती. येथे त्यातील करुणा उणे झाली आहे.

२०२३ साली या खेळावर आलेल्या ‘ऑनर अमंग थीव्ज’ या चित्रपटात डिस्प्लेसर बीस्ट पुन्हा भेटते. प्रेक्षकांनी भरलेल्या आखाड्यात, एका चक्रव्यूहात, कैद्यांच्या मागे त्याला सोडलेले आहे. आपली खोटी प्रतिमा भलत्याच ठिकाणी उभी करण्याची त्याची युक्ती पडद्यावर स्वच्छ दाखविली आहे आणि ती पाहताना मजाही येते. त्याला तेथे कोणी आणले, काय खाऊ घातले आणि किती दिवस उपाशी ठेवले, याविषयी चित्रपटात एक अक्षर नाही.