‘नालव्रण’ ह्या संज्ञेविषयी

शास्त्रीय परिभाषेची चिकित्सा करताना संज्ञा व्याकरणशुद्ध आहे की नाही एवढेच आपण बहुधा पाहतो. तिच्यामुळे वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे राहते, हे तपाशीत नाही. हृदयाचे अनियमित स्पंदन आवरण्यासाठी डाव्या अलिंदाला आतून उष्णतेचे डाग देण्याची रीत बोर्दो येथील १९९८ मधील संशोधनानंतर रूढ झाली. अलिंदाच्या पाठीशी अन्ननलिका असते. तिला झळ लागून व्रण होतो व क्वचित तो फुटून अलिंदापर्यंत पोहोचतो. ह्या उपद्रवास इंग्रजीत ‘एट्रिओ-इसोफेजियल फिस्च्युला’ म्हणतात. ‘अलिंद-अन्ननलिका नालव्रण’ हे त्याचे भाषांतर निर्दोष आहे. आक्षेप निराळाच आहे.

लॅटिन ‘फिस्तुला’ म्हणजे नळी किंवा पावा. सुश्रुताचा ‘नाडीव्रण’ही नळीवरूनच आला, पण तो उपेक्षिलेल्या गळवातून हळूहळू खोल जाणारा विकार. मराठी वाचकाला तर भगंदरच आठवणार! ही सारी चित्रे जुनाट, सोशीत राहण्याजोग्या दुखण्याची. प्रस्तुत विकार बहुधा दोन ते चार आठवड्यांत ताप, गिळताना वेदना किंवा अकस्मात पक्षाघात ह्या रूपाने प्रकट होतो. हवा व जंतू अन्ननलिकेतून अलिंदात शिरतात आणि रक्तावाटे मेंदूत जातात. ओघ अन्ननलिकेकडून हृदयाकडे, आणि संज्ञेतील पदांचा क्रम मात्र उलट! दुर्बिणीने तपासताना अन्ननलिकेत हवा भरली, तर तीच प्राणघातक ठरू शकते. म्हणून आधी छातीचा सीटी स्कॅन करावयाचा असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांपैकी १३८ जणांना हा उपद्रव झाल्याचे आढळले. केवळ औषधोपचारावर ठेवलेल्यांपैकी ८९.५ टक्के दगावले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५१.९ टक्के. अत्यवस्थ रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतच नसावेत, हे जमेस धरूनही अंतर उपेक्षणीय नव्हे. ‘व्रण’ हे एकवचनही येथे फसवे आहे. शल्यचिकित्सकापुढे छिद्रे दोन असतात: अलिंदाचे ठिगळ लावून बुजवावयाचे, अन्ननलिकेचे टाक्यांनी, आणि ती पुन्हा जुळू नयेत म्हणून मध्ये बहुधा बरगड्यांमधील स्नायूची पट्टी बसवावयाची.

‘अन्ननलिका-अलिंद विदारण’ अशी संज्ञा मी सुचवितो. रुग्णाला घरी पाठविताना द्यावयाच्या सूचनापत्रात मात्र कोणतीही संज्ञा नको, सरळ वाक्य हवे: ‘दोन महिन्यांच्या आत ताप आला, गिळताना दुखले किंवा हातपाय लुळे पडले, तर त्याच क्षणी रुग्णालयात या आणि हृदयाला डाग दिल्याचे सर्वांत आधी सांगा.’