डोंबिवलीतला ल

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा आधार काढून घेतला. दिवाळी तोंडावर आली होती. त्याच आठवड्यात डोंबिवलीत फडके रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी व्हिजिटिंग कार्डाचं प्रूफ बघायला गेलो होतो. दुकानात दोन संगणक. एकावर टेन, आणि त्याच्या कोपऱ्यात अपग्रेडची सूचना सारखी उगवत होती. दुसरा भिंतीला टेकून ठेवलेला, त्याला नेटची वायरच लावलेली नाही. त्यावर एक्सपी. तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ. दुकानातलं जवळजवळ सगळं मराठी काम या दुसऱ्यावर चालतं. याचं आता काय करणार, असं विचारलं तर काका म्हणाले, "त्याला काय धाड भरलीय? तो रिटायर झालाय हे त्याला कोणी सांगितलंच नाही."

नाटकाचं परीक्षण लिहिलं जातं, सिनेमाचं तर रतीबच असतो. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला सीएचा कारकून, क्लासवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, पत्रिका छापणारा दिवसाचे आठ तास ज्या पडद्याकडे बघतो, त्याच्या रूपाबद्दल आपल्याकडे कोणी फारसं लिहीत नाही. त्या पडद्याची घडण ही एक कला आहे. ती गेल्या पंचवीस वर्षांत बरीच बदलली, आणि माझ्या मते चुकीच्या जागी बदलली.

एक्सपी आली २००१ च्या ऑक्टोबरात. तिच्या जाड निळ्या पट्टीला आणि हिरव्यागार स्टार्ट बटणाला तिकडचे समीक्षक पोरांच्या खेळण्यांसारखं म्हणून हसले. इकडे कोणाला हसू आलं नाही, कारण तुलना करायला आधीचं काही घरात नव्हतंच. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, कॅबिनेट लोकलच्या डब्यात मांडीवर घ्यायचं आणि ओळखीतल्या मुलाकडून विंडोज 'टाकून' घ्यायची, असा तो काळ. पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं आणि सरकारी नोकरीतला अर्धा ठाणे जिल्हा माऊस धरायला शिकला. ती टेकडी संगणकाने काढलेलं चित्र आहे असं आम्ही समजत होतो. तो कॅलिफोर्नियात चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये काढलेला खरा फोटो आहे हे फार उशिरा कळलं. जुलैत माळशेजला गेलेल्याला तसंही त्यात फार नवल वाटलं नसतं.

संगणक आपल्यासारखा करून घेण्याची हौस इथे मुख्यतः काचेच्या बाहेर दिसली. मॉनिटरला झालर लावलेलं कापडी कव्हर, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, दसऱ्याला झेंडूची माळ. आत गेलं की वॉलपेपरवर गणपती किंवा नातू, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळीने मांडलेली साठ-सत्तर आयकॉन. परदेशात हौशी लोक विंडोजची कातडीच बदलणारी सॉफ्टवेअरं विकत घेत होते. आपल्याकडे डेस्कटॉप म्हणजे खरोखरचं टेबल: जे लागेल ते वरच ठेवायचं, कपाटात ठेवलं की हरवतं. याला पसारा म्हणणारे म्हणोत, मला त्यात अक्कल दिसते. प्रत्येक नव्या आवृत्तीने शोधपेटी मोठी केली, आणि लोक मात्र वस्तू जागेवरून ओळखत राहिले. म्हणून अपडेटनंतर आयकॉनांची ओळ विस्कटली की जो आरडाओरडा होतो, तो रंगरूपाबद्दल नसतो. घरात कोणीतरी डबे हलवलेत, अशी ती तक्रार असते.

मधल्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात. २००७ ची व्हिस्टा काही लॅपटॉपांबरोबर आली आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच महिन्यात पुसली गेली. २००९ ची सेव्हन ही माझ्या मते या घराण्यातली सर्वांत नेटकी निर्मिती. काचेची झिलई होती, पण ती कामाच्या आड येत नव्हती. २०१२ च्या एटने स्टार्ट बटणच काढून टाकलं. घर रंगवायला बोलावलेल्या माणसाने दार बुजवून जावं, तसा तो प्रकार. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं, तोवर कल्याणच्या दुरुस्तीवाल्यांनी नव्या लॅपटॉपांवर सेव्हन टाकून देण्याचा चांगला धंदा केला होता.

एक्सपीचा आधार संपला ८ एप्रिल २०१४ ला. तेव्हा लोकसभेचा प्रचार ऐन भरात होता, २४ तारखेला ठाणे-कल्याणचं मतदान, आणि छापखान्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. सेव्हनचा संपला १४ जानेवारी २०२० ला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि माळ्यावरचे तेच जुने संगणक मुलांच्या शाळेसाठी खाली उतरले. अमेरिकेतल्या तारखांशी इथल्या पंचांगाचं कधी जमलंच नाही.

पण भिंतीकडचा तो एक्सपीवाला संगणक आळसामुळे टिकलेला नाही. त्याचं कारण अक्षरात आहे. पेजमेकर ७ हा २००१ चा कार्यक्रम, त्यानंतर तो पुढे सरकलाच नाही. त्याच्या काळातले मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हतीच. फाँट काढला की पत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी उरते. दुकानातल्या वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका या लिपीत बंद आहेत. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा होती १९९१ पासून, विंडोज २००० बरोबर मंगल हा फाँटही आला. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनला मराठी जोडाक्षरं नीट मांडता यायला २०१२ उजाडलं. मधल्या दहा-बारा वर्षांत गल्लीगल्लीतल्या दुकानांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं आणि तिथेच मुक्काम केला.

मंगलची गोष्ट तर हळहळ वाटावी अशी. तो फाँट रेखला र. कृ. जोशी यांनी, म्हणजे मराठीतल्या एका मोठ्या सुलेखनकाराने आणि कवीने. तो साऱ्या देशासाठी होता, म्हणून त्यात हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श आला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श नक्की केले. पडद्यावर मात्र ते आपोआप उमटत नाहीत: फाँटात मराठी रूप असावं लागतं, शिवाय मजकुराची भाषा मराठी आहे हे कार्यक्रमाला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं कुठे, हे शंभरातल्या एकाला ठाऊक असेल. पुढे टेन आली तेव्हा मंगल ऐच्छिक फाँटांच्या पेटीत गेला आणि त्याच्या जागी निर्मला दिसू लागला. अपग्रेडनंतर मंगलमध्ये केलेला बारा पानांचा सोसायटीचा अहवाल साडेबारा पानांचा झाला, तर सेक्रेटरी प्रिंटरला शिव्या घालतो. बिचाऱ्या प्रिंटरचा दोष नसतो.

दोष आपल्याकडेही आहे. विंडोजचा मराठी अवतार एक्सपीच्या दिवसांपासून फुकट मिळतो. ग्नोम आणि केडीई या लिनक्सच्या पडद्यांचं मराठीकरण तर लोकांनी रात्री जागून केलं. ते वापरणारा माणूस मला ठाणे ते कल्याण पट्ट्यात सापडलेला नाही. कारणं कळण्यासारखी आहेत. शिकवणीतलं वाक्यच 'स्टार्टवर क्लिक करा' असं होतं. अडलं की भाच्याला फोन करायचा, आणि भाच्याला 'सेटिंग्ज' कळतं, त्याचं भाषांतर नाही. त्यात अनुवादाची मराठी बऱ्याचदा शासन निर्णयासारखी कडक इस्त्रीची. 'सेव्ह कर' म्हणणाऱ्या जिभेला 'जतन करा' म्हणजे पापड-लोणच्याची आठवण. तीच माणसं मोबाईलवर मात्र मराठी लावतात, कारण तिथे आधीची सवय मोडायची नव्हती.

मराठी पडदा रोज वापरात असलेली एक जागा आपल्याच गावात आहे आणि तिचं श्रेय कोणी देत नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र संगणकावर आणलं, आणि पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी तोच नमुना धरला गेला. रस्त्यांबद्दल पालिकेला काय हवं ते बोला, इथे ती पुढे होती. मालमत्ता कराचा तो पडदा सुंदर नाही. चौकटींत चौकटी, करडा रंग. पण काउंटरच्या अलीकडून, मान वाकडी करून, आपण आपलं नाव मराठीत वाचू शकतो, आणि स्पेलिंग चुकलं असेल तर, "अहो मॅडम, वेलांटी दुसरी," असं सांगू शकतो. इंटरफेस चांगला की वाईट, याची याहून साधी कसोटी मला माहीत नाही.

आता इलेव्हन. २०२१ पासून आहे. गोल कोपरे, मधोमध आणलेलं स्टार्ट; दिसायला देखणी, वागायला हेकट. मी वर्षानुवर्षं खालची पट्टी डाव्या हाताला उभी ठेवत असे. ही आवृत्ती आली तेव्हा ती सोय काढून घेतलेली होती. उजव्या क्लिकचा मेनू आखडला, नेहमीच्या गोष्टी आणखी एका दारामागे गेल्या. यापेक्षा मोठी अट यंत्राची: टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. म्हणजे २०१६ मध्ये हप्त्यावर घेतलेला, टॅली आणि जीएसटी विनातक्रार चालवणारा संगणक एका तारखेला नालायक ठरला. वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण त्यासाठी खातं जोडा, सेटिंग्ज कंपनीकडे ठेवा, नाहीतर पैसे भरा. स्टेशनजवळच्या दुकानांत जुन्या लॅपटॉपांच्या चळती याच काळात चढल्या. अशा यंत्रावर लिनक्स मिंट उत्तम चालते, आणि ती दिसते सेव्हनसारखी. केरळने शाळांमधून हा रस्ता घेतला. आपल्याकडे टॅलीवाला आणि पेजमेकरवाला विचारतो, माझं यात चालेल का, आणि बोलणं तिथेच संपतं.

माझं कार्ड काकांच्या मुलाने नव्या संगणकावर, युनिकोडमध्ये केलं होतं. मांडणी देखणी होती, कागदही चांगला. पत्त्यात 'डोंबिवली (पूर्व)' आणि 'ता. कल्याण'. दोन्ही गावांच्या नावांत ल, दोन्ही ठिकाणी दंडयुक्त. काकांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, काही बोलले नाहीत. खुर्ची भिंतीकडे वळवली आणि एक्सपी चालू व्हायची वाट बघत बसले.