ओवी राहते, बैठक हरवते

लहानपण आठवताना आपल्याकडे कितीतरी जण पहाटेच्या जात्यापाशी जातात. आईच्या मांडीवर डोके, दगडाची घरघर आणि अर्धवट झोपेत कानी पडणारी ओवी. ही आठवण जपायची तर नेमके काय जपायचे?

बहिणाबाई चौधरींची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आली. वहीने शब्द वाचवले; गळा वहीत मावत नाही. म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे मोल वेगळे आहे. लाखाहून अधिक ओव्या गावोगावी लिहून घेतल्या गेल्या आणि नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रितही झाल्या. 'पारी'ने २०१७पासून ओवी, अनुवाद आणि आवाज शेजारी शेजारी ठेवले आहेत.

अनुवादक म्हणून मी हे तिन्ही एकत्र तपासते, तेव्हा फट दिसते. छापील ओवी दोन ओळींची, आटोपशीर. गाताना बाई अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्ये 'गं बाई' घालते, दम घेते. अनुवादात यातले बहुतेक गळते, आणि अर्थाच्या दृष्टीने ते फालतूही वाटते. पण अर्थ कळण्याच्या वयाआधी मुलाच्या कानात रुजते ते हेच.

माझी तक्रार मात्र वर्गवारीबद्दल आहे. संग्रहात ओव्या विषयवार लावल्या आहेत: सीता एकीकडे, भाऊ दुसरीकडे, लेक तिसरीकडे. अभ्यासाला ते सोयीचे. दळणारी बाई मात्र एका पायलीत विठ्ठलाकडून माहेराकडे आणि माहेरातून सासूकडे जाते. ही उडी म्हणजेच तिची स्मरणाची रीत. ओवी सुटी केली की उडी नाहीशी होते.

तेव्हा निवडक ओव्यांच्या जोडीला काही बैठका सलग, खोकल्यासकट आणि थांबण्यासकट, ऐकायला मिळाव्यात. मुद्रणाचा खरा फायदा तिथे आहे. सुट्या ओव्या वहीतही राहतात.

मी हे भनपुरीत, कारखान्यांच्या आवाजात, कानाला हेडफोन लावून ऐकते. इथे छत्तीसगढीत जात्याला 'जांता' म्हणतात. शब्द इतका जवळचा, की अनुवादाला कष्टच नाहीत. कष्ट आहेत ते दोन ओव्यांमधल्या घरघरीचे. तिला दोन्ही भाषांत प्रतिशब्द नाही. ती ऐकवावीच लागते.